सातशे पंधरावा फटका आणि नऊ लाख पत्रं

१९७३ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने एका बेसबॉलपटूला मानचिन्ह दिलं. त्याच्या खेळाशी टपाल खात्याला काही देणंघेणं नव्हतं. राजकारणी मंडळी वगळली, तर त्या वर्षी देशात सर्वांत जास्त पत्रं या माणसाला आली होती, म्हणून हा मान. आकडा होता सुमारे ९ लाख ३० हजार. पोतीच्या पोती यायची. त्यातली बहुतेक पत्रं शाबासकीची आणि सहीची मागणी करणारी असत. उरलेल्यांत शिव्या असत, वंशावरून काढलेले उद्धार असत, आणि अमुक तारखेला अमुक मैदानावर गोळी घालू, असं दिवसवार कळवणारीही असत. ही शेवटची पत्रं बाजूला काढून एफबीआयकडे पाठवली जात.

पत्रं घेणाऱ्याचं नाव हेन्री लुई अ‍ॅरन, वय ३९, संघ अटलांटा ब्रेव्ह्ज. जग त्याला हँक म्हणून ओळखत होतं. बेब रूथच्या ७१४ होमरनच्या जवळ तो पोचत होता, एवढाच त्याचा अपराध.

होमरन म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणं. क्रिकेटचा षटकार डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही, पण होमरन फार दुर्मीळ असतो. दीडशेहून जास्त सामन्यांच्या हंगामात ज्याने चाळीस मारले तो मोठा फलंदाज. तेव्हा ७१४ म्हणजे काय, याचा हिशेब वाचकाने करावा. रूथने हा डोंगर १९१४ ते १९३५ या काळात रचला. खादाड, उधळा, हसतमुख, पोरांमध्ये रमणारा रूथ हा अमेरिकेचा लाडका माणूस होता, आणि त्याचा आकडा लहान पोरालाही पाठ असे. ज्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, तो खेळला, तिथे काळ्या खेळाडूला प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांनी आपसांत पाळलेला तो समझोता होता. सॅचेल पेजसारखा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, त्या काळात कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये आयुष्य काढत होता. मेजर लीगच्या सामन्यात रूथला त्याचा चेंडू कधी खेळावाच लागला नाही. हा पेज अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराच्या गावचा, आणि हँक अ‍ॅरनही तिथलाच.

अ‍ॅरनचा जन्म ५ फेब्रुवारी १९३४ चा. रूथचा वाढदिवस ६ फेब्रुवारी. बाप हर्बर्ट गोदीत कामाला, आई एस्टेला, आठ मुलं. टूलमिनव्हिल या मोबीलच्या भागात हर्बर्टने मोडलेल्या घरांचं लाकूड जमवून स्वतःच्या हातांनी घर बांधलं. चेंडू-बॅट विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून हेन्री काठीने बाटल्यांची बुचं मारायचा. शिकवायला कुणी नसल्यामुळे उजव्या हाताने खेळणारा हा मुलगा डावा हात वर आणि उजवा खाली, अशी उलटी पकड धरून मोठा झाला. कुठल्याही प्रशिक्षकाने हे पाहताच कपाळाला हात लावला असता. पण त्याची मनगटं तयार झाली ती याच उलट्या पकडीने, असं मानणारे बरेच आहेत, आणि त्यात तथ्य असावं. त्याचा फटका खांद्यातून यायचा नाही. शेवटच्या क्षणी मनगटं वळत आणि चेंडू गेलेला असे.

मोठेपणी वैमानिक व्हायचं, असं त्याने बापाला सांगितलं, तेव्हा काळे वैमानिक नसतात, असं उत्तर आलं. मग बेसबॉलपटू होईन म्हणाला. काळे बेसबॉलपटूही नसतात, असं बापाने सांगितलं. हर्बर्ट मुलाला नाउमेद करत नव्हता, अलाबामातलं वास्तव सांगत होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सच्या वेशात मैदानात उतरला आणि बापाचं दुसरं उत्तर खोटं ठरलं. पुढच्या वर्षी रॉबिन्सन मोबीलला येऊन बोलला, तेव्हा हेन्री शाळा चुकवून ऐकायला गेला. त्या दिवसानंतर शाळेशी त्याचा संबंध नावापुरताच राहिला.

१९५२ मध्ये, अठराव्या वर्षी, तो इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीय संघात दाखल झाला. पगार महिना २०० डॉलर. निघताना आईने दोन डॉलर आणि दोन सँडविचं हातावर ठेवली. हा संघ खेळाबरोबर विदूषकीही करायचा. प्रेक्षकांना हसवल्याशिवाय काळ्या संघाचं पोट भरत नसे. याच दिवसांतला एक प्रसंग अ‍ॅरनने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवला. वॉशिंग्टनमध्ये पावसामुळे सामना अडला होता, म्हणून संघ मैदानामागच्या एका उपाहारगृहात नाश्त्याला बसला. खाऊन झालं, आणि स्वयंपाकघरातून बशा फोडल्याचा आवाज येऊ लागला. काळी माणसं ज्या बशांत जेवली, त्या पुन्हा वापरायच्या नव्हत्या. हे देशाच्या राजधानीत घडत होतं. अ‍ॅरनने त्यावर टिप्पणी केली ती अशी, की त्याच बशांतून कुत्रे जेवले असते तर त्या नुसत्या धुतल्या गेल्या असत्या. मराठी वाचकाला या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगायची गरज नाही.

त्याच उन्हाळ्यात दोन मोठ्या संघांची बोलावणी आली. एक न्यूयॉर्क जायंट्सचं, दुसरं तेव्हा बॉस्टनमध्ये असलेल्या ब्रेव्ह्जचं. ब्रेव्ह्जनी महिना पन्नास डॉलर जास्त देऊ केले. जायंट्समध्ये विली मेज आधीच होता. बेसबॉलच्या इतिहासातले दोन थोर फलंदाज एकाच संघात खेळायचे राहिले ते या पन्नास डॉलरपायी.

ब्रेव्ह्जनी त्याला आधी विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरला आणि १९५३ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला धाडलं. जॅक्सनव्हिलचा संघ साउथ अटलांटिक लीगमध्ये होता. दक्षिणेकडच्या राज्यांतली ही लीग तोवर फक्त गोऱ्यांची. अ‍ॅरन, फेलिक्स मँटिया आणि होरेस गार्नर हे तिथले पहिल्यावहिल्यांपैकी काळे खेळाडू. संघ हॉटेलात उतरे तेव्हा हे तिघं गावातल्या कुणा काळ्या कुटुंबाच्या घरी राहत. हॉटेलात जेवायला परवानगी नसे, म्हणून सहकारी खाणं बाहेर बसमध्ये आणून देत. मैदानात प्रेक्षक काय काय ओरडत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. अ‍ॅरनची त्या हंगामातली सरासरी ०.३६२, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३६२ यशस्वी फटके. धावा वसूल करण्यात तो पहिला आला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. त्याला हॉटेलची खोली तेवढी मिळाली नाही.

मोठ्या संघाचं दार उघडलं ते दुसऱ्याच्या दुखापतीने. मार्च १९५४ मध्ये, सरावाच्या काळात, बॉबी थॉमसनचा घोटा मोडला आणि मोकळ्या जागी वीस वर्षांचा अ‍ॅरन उभा राहिला. तोवर ब्रेव्ह्ज बॉस्टन सोडून मिलवॉकीला आले होते. १३ एप्रिलच्या पहिल्या सामन्यात त्याने पाच वेळा फलंदाजी केली आणि पाचही वेळा रिकाम्या हाताने परतला. २३ एप्रिलला सेंट लुईसमध्ये व्हिक रॅशीच्या चेंडूवर पहिला होमरन आला. पुढे काय होणार आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि ते जवळपास वीस वर्षं आलं नाही.

इथे अ‍ॅरनच्या खेळाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याच्यावर झालेला पहिला अन्याय द्वेषाचा नव्हता, दुर्लक्षाचा होता. विली मेज धावला की टोपी उडून पडायची; लोकांना तो नुसता पाहायला आवडायचा. दुसरा नावाजलेला फलंदाज मिकी मँटल न्यूयॉर्कमध्ये होता, म्हणजे वर्तमानपत्रांच्या अंगणात. अ‍ॅरन बॅट घेऊन सावकाश चालत यायचा, डोळे अर्धे मिटलेले, जणू दुपारच्या झोपेतून उठून आला आहे. वार्ताहरांनी यावरून त्याला सुस्त म्हटलं, काहींनी मंदबुद्धीही ठरवलं. त्यामागे कातडीचा रंग किती होता, हे उघड आहे. पिचर मंडळींचा अनुभव वेगळा होता. अ‍ॅरनला चकवून वेगवान चेंडू टाकणं म्हणजे कोंबड्याला चकवून सूर्योदय उरकणं, असं त्यांच्यातल्या एकाने म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. अ‍ॅरनने एका हंगामात कधीच पन्नास होमरन मारले नाहीत. पण १९५५ ते १९७४ अशी सलग वीस वर्षं त्याने दर हंगामात किमान वीस मारले. चार हंगामांत नेमके ४४ मारले, आणि पाठीवरचा क्रमांकही ४४ च होता. एखादं वर्ष गाजवून जाणाऱ्याची जगाला चटकन दखल घ्यावीशी वाटते. दरवर्षी तेवढंच काम करणाऱ्याचं कौतुक करायला लोक विसरतात.

मिलवॉकीची वर्षं त्यातल्या त्यात सुखाची. २३ सप्टेंबर १९५७ च्या रात्री, अकराव्या डावात, सेंट लुईसविरुद्ध त्याने मारलेल्या होमरनने ब्रेव्ह्जना नॅशनल लीगचं, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचं, विजेतेपद मिळालं आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याच दिवशी आर्कान्सामधल्या लिटल रॉक इथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत शिरू देऊ नये म्हणून गोऱ्यांचा जमाव दंगल करत होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या होत्या. पाठोपाठच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही विभागांच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, ब्रेव्ह्जनी न्यूयॉर्क यांकीजना हरवलं. अ‍ॅरनने तीन होमरन मारले आणि ०.३९३ ची सरासरी राखली. त्या वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान त्याला आयुष्यात एकदाच मिळाला, हे आज वाचताना पटत नाही.

१९६६ मध्ये मालकांनी संघ अटलांटाला हलवला. अ‍ॅरनला दक्षिणेत परतायचं नव्हतं, आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. पण अटलांटाचं मैदान समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. तिथल्या हवेत चेंडू लांब जात असे. त्या मैदानाला खेळाडूंनी दिलेलं नावच मुळी अग्निबाणांच्या तळाचं होतं. १९६८ मध्ये पाचशेवा होमरन, १९७० मध्ये तीन हजारावा फटका, १९७१ मध्ये सहाशेवा होमरन. सदतिसाव्या वर्षी, म्हणजे बहुतेक खेळाडू निवृत्तीनंतरच्या धंद्याचा विचार करत असतात त्या वयात, त्याने ४७ होमरन मारले. कारकिर्दीतला हा त्याचा सर्वोच्च आकडा. मेज थकत चालला होता. रूथकडे जाणाऱ्या वाटेवर आता अ‍ॅरन एकटाच होता, हे लोकांना एकदम दिसलं, आणि पत्रं सुरू झाली.

पत्रांपाठोपाठ माणसंही आली. अटलांटा पोलिसांतला केल्विन वॉर्डलॉ सावलीसारखा बरोबर राहू लागला. त्याच्या दुर्बिणीच्या पेटीत पिस्तूल असे. संघ एका हॉटेलात आणि अ‍ॅरन भलत्याच नावाने दुसऱ्या हॉटेलात, असा प्रवास सुरू झाला. जॅक्सनव्हिलला काळा म्हणून वेगळं राहावं लागलं होतं, आता विक्रमवीर म्हणून. त्याची मुलगी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकत होती. तिला पळवून नेण्याच्या धमक्या आल्या आणि एफबीआयने विद्यापीठाभोवती माणसं ठेवली. ‘अटलांटा जर्नल’च्या क्रीडा विभागाचे लुईस ग्रिझर्ड यांनी अ‍ॅरनचा मृत्युलेख तयार करून ठेवला होता. त्यांचा त्यात दुष्टावा नव्हता. संपादक म्हणून गरज पडेल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

या सगळ्यात रूथची विधवा क्लेअर हिने अ‍ॅरनची बाजू घेतली, हे विसरता कामा नये. बेबने या पोराला शुभेच्छाच दिल्या असत्या, असं तिने सांगितलं. व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी ऑगस्ट १९७३ मध्ये आपल्या चित्रमालिकेत स्नूपी या कुत्र्याला रूथच्या विक्रमामागे लावलं आणि त्यालाही द्वेषाची पत्रं येतात, असं दाखवलं. या प्रकाराला याहून नेमकं उत्तर त्या वर्षी कुणी दिलं नसेल.

आणि अटलांटाचे प्रेक्षक? सप्टेंबरमध्ये ७११ वा होमरन पाहायला मैदानात १,३६२ माणसं होती. पन्नास हजारांच्या मैदानात. दक्षिणेतल्या नव्या, आधुनिक, वंशभेद विसरलेल्या शहराची ही हजेरी होती.

हंगाम संपला तेव्हा आकडा ७१३. एक कमी. ३९ वर्षांच्या या माणसाने त्या वर्षी ४० होमरन मारले होते, आणि आता संपूर्ण हिवाळा त्याला जिवंत राहायचं होतं. ही अतिशयोक्ती नव्हे. पुढचा हंगाम आपण पाहू का, ही शंका त्याने स्वतः बोलून दाखवली होती.

१९७४ चा पहिला सामना सिनसिनाटीत होता. घरच्या मैदानावर विक्रम व्हावा, तिकिटं खपावीत, म्हणून ब्रेव्ह्ज त्याला पहिले तीन सामने बसवून ठेवणार होते. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी तीनपैकी दोन तरी खेळलेच पाहिजेत, असा हुकूम काढला. पहिल्या सामन्याची तारीख ४ एप्रिल. सहा वर्षांपूर्वी याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. सामन्याआधी त्यांच्यासाठी क्षणभर स्तब्ध उभं राहावं, अशी विनंती अ‍ॅरनने केली. यजमान संघाने ती मानली नाही. मग तो बॅट घेऊन उतरला आणि जॅक बिलिंगहॅमच्या चेंडूवर हंगामातली पहिलीच बॅट फिरवून ७१४ वा होमरन मारला.

८ एप्रिलच्या रात्री अटलांटाच्या मैदानात ५३,७७५ लोक जमले. राज्याचे गव्हर्नर जिमी कार्टर हजर होते. आयुक्त कून नव्हते. ते क्लीव्हलंडला एका कार्यक्रमात होते आणि आपल्या वतीने त्यांनी मॉन्टी अर्विन या जुन्या कृष्णवर्णीय खेळाडूला पाठवलं. कून यांचं नाव घेताच मैदानाने हुर्यो उडवली. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स, पिचर अल डाउनिंग. तोही काळा, आणि त्याच्याही पाठीवर ४४. पहिल्या खेपेला त्याने खेळण्याजोगा चेंडूच दिला नाही. चौथ्या डावात, नऊ वाजून सात मिनिटांनी, एक चेंडू खाली गेला आणि दुसऱ्यावर अ‍ॅरनने त्या रात्रीची पहिली बॅट फिरवली. बिल बकनर डावीकडच्या कुंपणावर चढला, पण चेंडू त्याच्या डोक्यावरून ब्रेव्ह्जच्याच पिचरांच्या कोंडाळ्यात गेला. टॉम हाउसने तो झेलला आणि हातात घेऊन मैदानभर धावत निघाला.

अ‍ॅरन नेहमीच्या चालीने बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे चार टप्पे, घेत होता. दुसऱ्या बेसपाशी डॉजर्सच्या खेळाडूंनी हात मिळवला. तेवढ्यात गर्दीतून दोन गोरी पोरं उडी मारून मैदानात घुसली आणि त्याच्या बाजूने धावू लागली. बाकांवर बसलेल्या वॉर्डलॉच्या हाताशी पेटी होती. क्षणात ठरवायचं होतं. त्याने पिस्तूल काढलं नाही. पोरं नुसती पाठ थोपटून निघून गेली. घरच्या बेसवर आई एस्टेला वाट पाहत होती. तिने मुलाला असं काही कवटाळलं की तो हलू शकेना. वर फटाके फुटत होते. मुलाला गोळी घालायची असेल तर आधी मला लागू दे, या विचाराने ती बिलगली होती, असं पुढे सांगितलं गेलं. समालोचक व्हिन स्कली बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की दक्षिणेच्या अंतर्भागात एका काळ्या माणसासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवताहेत. ध्वनिक्षेपकासमोर आणलं गेलं तेव्हा अ‍ॅरनने देवाचे आभार मानले, ते हे सगळं एकदाचं संपलं म्हणून. विक्रमाचा आनंद त्या वाक्यात शोधूनही सापडत नाही.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात टोकियोच्या कोराकुएन मैदानावर जपानच्या सादाहारू ओशी त्याची होमरन मारण्याची स्पर्धा झाली. अ‍ॅरन १०-९ ने जिंकला. ओने पुढे जपानी लीगमध्ये ८६८ होमरन मारले आणि दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. शेवटची दोन वर्षं अ‍ॅरन मिलवॉकीला परतला, ब्रुअर्सकडून खेळला, आणि २० जुलै १९७६ रोजी ७५५ वा, शेवटचा होमरन मारला. निवृत्तीनंतर ब्रेव्ह्जच्या कार्यालयात तो खेळाडू घडवण्याच्या विभागाचा प्रमुख झाला. मैदानात काळे खेळाडू चालतात, मग प्रशिक्षकाच्या आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत का नाहीत, हा प्रश्न तो प्रत्येक व्यासपीठावरून विचारत राहिला. लोकांना तो कडवट वाटे. ती पत्रं त्याने जपून ठेवली होती, हे ज्यांना माहीत होतं, त्यांना वाटत नसे.

७ ऑगस्ट २००७ रोजी बॅरी बाँड्सने ७५६ वा होमरन मारला. बाँड्सवर उत्तेजकं घेतल्याचे आरोप होते आणि अ‍ॅरनने आपलं मत द्यावं म्हणून पत्रकार मागे लागले होते. तो मैदानात गेला नाही, टीकाही केली नाही. पडद्यावर त्याचा अभिनंदनाचा आधीच चित्रित केलेला संदेश दाखवला गेला, एवढंच. स्वतःच्या वाट्याला जे आलं, ते त्याने दुसऱ्याला दिलं नाही. माझ्या मते त्याच्या सगळ्या फटक्यांत हा वरचा.

२२ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, अटलांटात तो झोपेत गेला. दोन आठवड्यांहून थोडं आधी त्याने कृष्णवर्णीय समाजाचा विश्वास वाढावा म्हणून कोविडची लस जाहीरपणे घेतली होती, त्यामुळे मृत्यूनंतर अफवा उठल्या. मृत्यू नैसर्गिक असल्याचं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्पष्ट केलं. त्याच वर्षी अटलांटाच्या शाळा मंडळाने एका शाळेचं नाव बदलून हँक अ‍ॅरनचं दिलं. तोवर ती शाळा नेथन बेडफर्ड फॉरेस्टच्या नावाने चालत होती. हा फॉरेस्ट गुलामगिरीसाठी लढलेल्या सैन्याचा सेनापती आणि कू क्लक्स क्लॅनचा म्होरक्या.

होमरनच्या यादीत आज बाँड्स ७६२ वर पहिला आहे. पण अ‍ॅरनचे ७५५ होमरन हिशेबातून पूर्ण वगळले, तरी त्याचे ३,०१६ फटके उरतात. संघासाठी वसूल केलेल्या २,२९७ धावा हा त्याचा विक्रम अजून उभा आहे. आणि बेसबॉलमध्ये फलंदाजाने आयुष्यभरात फटक्यांनी मिळवलेल्या बेसची बेरीज हे त्याच्या खऱ्या कामाचं माप मानलं, तर अ‍ॅरनची बेरीज ६,८५६ आहे. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे एकूण १८८ किलोमीटर. त्याच्या पाठोपाठ अल्बर्ट पुहोल्स येतो. तो २२ हंगाम खेळून २०२२ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा ६,२११ वर थांबला.